विहिरीकाठचं हळवं भात

"ओ मॅडम, घरी गुरं किती?"

विनिता दचकली आणि बांधावरून घसरता घसरता सावरली. चपला चिखलानं जड झालेल्या, हातात घरातली भाजी कापायची कात्री, खांद्याला मम्माची जुनी कापडी पिशवी. पिशवीत तासभर वाकून कापलेल्या भाताच्या लोंब्या. रस्त्याकडेला मोटरसायकल उभी होती आणि डोक्यावर युरियाच्या गोणीची खोळ घेतलेला एक जण तिच्याकडे मजेत बघत होता.

"गुरं कशाला?" ती म्हणाली. "मला देवाला न्यायचंय हे."

तो बांध उतरून जवळ आला. पिशवीत डोकावला. एक काडी उचलून दातात धरली आणि मान हलवली.

"आमचा देव भात खातो. तुमचा गवत खातो काय?"

"गवत?"

"भातासारखं दिसतं, पण भात नाय. आम्ही उपटून फेकतो. तुम्ही साफ केलंत ते बरं झालं. आमची अर्धी बेणणी झाली." मग त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू जरा ओसरलं. "अहो... रडू नका. मी दुसरं काय बोललो?"

"मी रडत नाहीये. पावसाचं पाणी आहे."

पाऊस केव्हाच थांबला होता, पण त्यानं ते बोलून दाखवलं नाही. तेवढं शहाणपण त्याच्यात होतं.

बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा तो पाडा. ऑगस्टची तीस तारीख, रविवार. विनिता सलढाणा अंबरनाथ पूर्वेला राहायची आणि तिथल्याच एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. सुई टोचताना नस तिला पहिल्याच खेपेला सापडायची. आज मात्र तिला भात आणि गवत वेगळं ओळखता आलं नव्हतं; तिनं पिशवी बांधावर रिकामी केली.

तिच्या घरची गोष्ट अशी होती. तिचे वडील डेनिस सलढाणा मंगळूरजवळच्या एका खेड्यातून तेविसाव्या वर्षी अंबरनाथच्या कारखान्यात आले. तेव्हा आत्ताच्या बिल्डिंगा नव्हत्या. स्टेशनपासून घरापर्यंत वाट भातखाचरांच्या मधून जायची आणि पावसाळ्यात बेडकांच्या आवाजात शेजारच्याची हाक ऐकू यायची नाही. पुढे लग्न झालं, ज्युलियाना आली, आणि येताना आपलं मोंती फेस्त घेऊन आली. आठ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस. त्याच्या आधी नऊ दिवस मुलं बाळ मरियेच्या मूर्तीवर फुलं उधळतात. आठ तारखेला नव्या भाताच्या लोंब्यांना फादर आशीर्वाद देतात आणि त्या घरोघर जातात. त्यातले दाणे कुटून नारळाच्या दुधात, गुळात घालायचे. दुपारच्या जेवणाआधी घरातल्या प्रत्येकानं तो घोट घ्यायचा. त्याला म्हणायचं नोवें. त्याआधी नव्या तांदळाचा दाणा तोंडात घालायचा नाही.

अंबरनाथमध्ये आठ सप्टेंबरला कुठलं पिकलेलं भात! म्हणून ज्युलियानाचा भाऊ दरवर्षी गावाहून लोंब्यांची पेंढी ओल्या फडक्यात गुंडाळून बसच्या ड्रायव्हरकडे द्यायचा. चाळीस वर्षं त्या एका पेंढीवर अंबरनाथच्या सगळ्या मंगळूरकरांचं फेस्त झालं. या फेब्रुवारीत ज्युलियाना गेली. मामानं शेतात सुपारी लावली. पेंढी येणार नव्हती.

आणि पप्पांनी जाहीर केलं, की आता इथे काय ठेवलंय? फेस्त झालं की फ्लॅट विकायचा आणि गावी भावाच्या घरी राहायला जायचं. नऊ तारखेला एजंट कागद घेऊन येणार होता. "इथे आपलं काही उगवत नाही, बाय," ते म्हणाले होते. ते गेले तर विनिताला जावंच लागणार होतं. एकाहत्तर वर्षांच्या, रक्तदाबाच्या गोळ्या विसरणाऱ्या माणसाला ती एकटं कशी सोडणार? म्हणून ती कात्री घेऊन निघाली होती. इथे उगवतं हे तिला पप्पांच्या हातात आणून ठेवायचं होतं.

यातलं अर्धंमुर्धं तिनं त्या माणसाला सांगितलं. त्याचं नाव मोरेश भोपी. आठवडाभर अंबरनाथच्या एमआयडीसीत फिटर, रविवारी शेतकरी.

"आठ तारखेला भात पाहिजे," तो म्हणाला. "या इकडे."

शेतात शिरून त्यानं एक खरी लोंबी वाकवली. तिचा हात धरला नाही, नुसती खूण केली, आणि तिच्या उघड्या तळव्यावर एक दाणा नखानं दाबला. पांढरा थेंब बाहेर आला.

"दूध," तो म्हणाला. "अजून दूधच आहे. वीस-बावीस दिवस धरा. तुमच्या देवीला थांबायला सांगा."

"वाढदिवस आहे तिचा. वाढदिवस पुढे ढकलतात का?"

"आमच्या कंपनीत ढकलतात. सगळ्यांचा मिळून महिन्याच्या शेवटी एकच केक."

ती हसली. मग तिची नजर विहिरीकडे गेली. विहिरीला लागून चटईएवढ्या दोन-तीन वाफ्यांत भात पिवळं पडत चाललं होतं.

"ते बघा! ते पिवळं आहे."

"ते नाय."

"का?"

"ते आजीचं हळवं, लवकर पिकणारं. मे महिन्यात विहिरीच्या पाण्यावर पेरते. गावदेवीच्या नव्यासाठी. नव्याच्या पुनवेला देवीला दाखवल्याशिवाय त्याला कोण हात लावत नाय. मी पण नाय."

"मग आजींना विचारा ना."

"मी?" मोरेशनं कानाला हात लावला. "मॅडम, माझं अजून लग्न व्हायचंय."

"आजी मारतात?"

"मारत नाय. बघते. तुम्ही तिची नजर बघितली नाय अजून." तो थोडा घुटमळला. "फुलं पाहिजेत का? उधळायला म्हणालात ना. वरती डोंगरावर तेरडा नुसता पेटलाय. मी रोज शिफ्टला अंबरनाथलाच येतो."

भात मागायला गेलेली विनिता फुलांचा वायदा घेऊन घरी आली.

*

सोमवारी संध्याकाळी चर्चच्या फाटकाशी मोटरसायकल थांबली. मागे टोपली बांधलेली. तीत गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी आणि कुर्डूचे तुरे. बाजारातला झेंडू घेऊन आलेली मुलं टोपलीवर तुटून पडली. झेंडू उधळला की मूर्तीच्या पायाशी गोळा होऊन पडतो. तेरड्याची पाकळी हलकी, ती वरून गिरक्या घेत येते. बाळ मरियेचा पाळणा पाच मिनिटांत गुलाबी झाला.

चर्चमधल्या आंट्यांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांनी फुलं पाहिलीच, पण आणणाऱ्याला जास्त नीट पाहिलं.

"विनिता, फुलवाला नवीन लावला काय?" एकीनं विचारलं.

"फुलवाला नाही, शेतकरी आहे."

"हो का? मग हेल्मेटच्या आत केस का विंचरलेत त्यानं?"

मंगळवारी तो आला, बुधवारी आला. गुरुवारी सेकंड शिफ्ट होती, तर भर दुपारी टोपली लॅबमध्ये आणून दिली. रक्त द्यायला बसलेल्या पेशंटांच्या मधोमध विनिता टोपली घेऊन उभी, आणि हा म्हणाला, "सही करा, माल पोचला म्हणून."

"कुठे करू?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. कागद काही मिळाला नाही. "राहू द्या. उधार ठेवतो."

शुक्रवारी टोपली देताना तो जरा वेळ थांबला. आतून मुलांचं गाणं ऐकू येत होतं.

"मी आत आलेलं चालतं का?"

"चालतं की. कोण अडवणार?"

"नाय... म्हटलं, विचारावं. आमच्या गावदेवीच्या देवळात तुम्ही आलात तर कोण अडवणार नाय."

"मी येऊ म्हणताय?"

"मी कुठे म्हटलं?" तो टोपलीची दोरी उगाचच सोडून पुन्हा बांधायला लागला. "आलात तर... असं म्हटलं."

विनितानं त्याच्या बोटांकडे पाहिलं. ग्रीसचे काळे डाग आणि त्यावर तेरड्याचा गुलाबी रंग. दिवसभर लोकांचे हात हातात धरणारी ती मुलगी. तिनं आजवर कुणाच्या हाताकडे असं पाहिलं नव्हतं.

"नऊ तारखेला एजंट येणार आहे," ती म्हणाली. तिला दुसरंच काहीतरी म्हणायचं होतं.

"माहितीये. तुम्ही पहिल्या दिवशीच सांगितलं."

"नोवें मिळालं नाही तर पप्पांना थांबवायला माझ्याकडे काही नाही, मोरेश."

तिनं त्याला पहिल्यांदाच नावानं हाक मारली. त्यानं दोरीची गाठ अर्धवट सोडली.

"रविवारी या," तो म्हणाला. "आजीला विचारू. मी बाजूला उभा राहीन. जरा लांब, पण राहीन."

*

गोजरबाई ओटीवर बसून शेंगा सोलत होत्या. वय ऐंशीच्या पुढे, नऊवारी गुडघ्याच्या वर खोचलेली, आणि नजर मोरेशनं सांगितली होती तशीच. त्यांनी विनिताला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"कोनाची पोर ही?"

"अंबरनाथची, आजी."

"गाव नाय विचारलं. कोनाची?"

"डेनिस सलढाणांची," विनिता म्हणाली. "आम्ही ख्रिश्चन आहोत. मंगळूरचे."

"मोऱ्या रोज तेरडा उपटून न्हेतो तो तुलाच काय?"

मोरेश जरा लांब उभा होता, तो आणखी लांब झाला.

विनितानं सगळं सांगितलं. शेंगा सोलणं थांबलं नाही. विहिरीकाठच्या भाताचं नाव निघालं तेव्हा मात्र थांबलं.

"आमचं नवं पुनवेला असतं. देवीच्या आधी कोनाच्या तोंडात जात नाय. माझ्या सासूनं मोडलं नाय, मी मोडलं नाय."

"हो, आजी. आमच्याकडेही तसंच आहे. सायबिणीच्या आधी कुणी खात नाही."

"सायबीन म्हंजे कोन?"

"मरिया. येशूची आई. आठ तारखेला तिचा जन्मदिवस."

"तिचा जन्मदिस कोनी लिवून ठेवला? माझा मला ठाव नाय." गोजरबाईंनी एक शेंग तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिल्या. "आई म्हंजे बाईच की. आन् वाढदिस म्हंजे त्या दिवशी न्हानी पोर."

"हो. पाळण्यातलीच मूर्ती असते."

"पाळन्यातल्या पोरीला कोनी म्हनतं का, पुनवेपत्तर थांब म्हनून?"

म्हातारी आता तिच्याशी बोलतच नव्हती. ती स्वतःशी आणि कदाचित गावदेवीशी बोलत होती.

"देवीला सांगन मी. म्हनन, औंदा तुझं नवं म्हैनाभर आधी करतंय, घरात पावनी आलीय. पैल्या पाच लोंब्या तुझ्या, मंग तिच्या." मग तिनं मान वर केली. "पन तुला देनार नाय."

"का, आजी?"

"नवं पोरींच्या हातात देत नाय. घरचा कर्ता येल. उपाशी येल. पायात काय न घालता शेतात उतरंल आन् मागंल. मंग घालन त्याच्या वटीत. तुझा बा येल?"

विनितानं मोरेशकडे पाहिलं. मोरेशनं आभाळाकडे पाहिलं.

"येतील," ती म्हणाली. तिच्या आवाजावरून ते खुद्द तिलाही खरं वाटलं नाही.

*

पप्पा हॉलमध्ये बसून कुठलं सामान कुणाला द्यायचं याची यादी करत होते. वाटणाचा दगडी रगडा खालच्या नेत्रा वहिनींना, शिलाई मशीन चर्चला.

"मी येणार नाही," ते यादीवरून मान वर न करता म्हणाले. "आयुष्यात कुणाच्या दारात धान्य मागितलं नाही."

"मम्मा चाळीस वर्षं मागत होती."

"तो तिचा भाऊ होता."

"ही पण कुणाची तरी आजी आहे."

"आणि मला अनवाणी चिखलात उतरवणार? या वयात?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाय, तू सरळ सांगत का नाहीस? तुला जायचंच नाही."

विनिता त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. घरात दोघांचंच बोलणं असायचं, तेही कोंकणीत, आणि कोंकणीत तिला खोटं बोलता यायचं नाही.

"नाही जायचं, पप्पा. पण तुम्ही गेलात तर मी येणार. तुम्हाला एकटं सोडणार नाही. म्हणूनच सांगते... मला यायला लावू नका."

"त्या फुलवाल्यामुळे?"

"शेतकरी आहे तो."

"मी शेतकऱ्याचाच मुलगा आहे. शेतकरी रोज संध्याकाळी केस विंचरून येत नाही." पप्पांनी चष्मा काढला. "त्याच्यामुळे?"

"फक्त त्याच्यामुळे नाही. पण... त्याच्यामुळेही."

"तो आपल्यातला नाही."

"माहीत आहे."

"फादर काय म्हणतील? त्याच्या गावात काय म्हणतील?"

"माहीत नाही."

"तो काय म्हणतो?"

"त्यानं अजून काहीच म्हटलेलं नाही."

पप्पांनी तिच्याकडे असं पाहिलं, की कीव कुणाची करावी, तिची की त्याची, ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

"मग तुला माहीत तरी काय आहे त्याच्याबद्दल?"

"मी पिशवीभर गवत घेऊन घरी येणार होते. चर्चमध्ये सगळ्यांसमोर हसं झालं असतं. त्यानं सांगितलं. हसला आणि मग सांगितलं. आणि मग रोज आला."

पप्पांनी यादी पुढे लिहायला घेतली. सोमवारी दिवसभरही तेच. संध्याकाळी चर्चमध्ये नोव्हेनाला, नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, मात्र आले, मागच्या बाकावर बसले. मुलांनी शेवटच्या दिवसाचा तेरडा उधळला तेव्हा एक पाकळी उडत त्यांच्या गुडघ्यावर आली. त्यांनी ती झटकली नाही. "आम्ही हीच न्यायचो," ते शेजारच्याला म्हणाले. "शाळा सुटली की डोंगरावर. साप असायचे."

मंगळवारी उजाडायच्या आधी विनिताला न्हाणीत पाण्याचा आवाज आला. ती बाहेर आली तर पप्पा ठेवणीतली करडी पँट घालून दाराशी उभे होते.

"चहा?"

"उपाशी जायचंय ना? मग चहा कसला विचारतेस?"

*

विहिरीजवळ गोजरबाई आधीच येऊन बसल्या होत्या. शेजारी कोयता, कुंकू, कोरं सूप. मोरेश जरा लांब उभा होता.

पप्पांनी बूट काढले, मोजे काढले, मोजे नीट बुटात घातले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि वाफ्यात उतरले. चिखलात पाय रुतल्यावर ते क्षणभर तसेच उभे राहिले. विनिताला वाटलं, त्यांना चक्कर येतेय. ती पुढे होणार तोच त्यांनी एक लोंबी वाकवली, दाणा काढला आणि दाढेखाली धरला.

"याला अजून दोन दिवस हवे होते, मावशी."

"मंग तुमच्या पाळन्यातल्या पोरीचा वाढदिस दोन दिस फुडं ढकला."

"तो नाही ढकलता येत."

"मंग गुमान मागा."

पप्पा हसले. फेब्रुवारीनंतर विनितानं त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं. मग त्यांनी हात जोडले आणि साध्या मराठीत म्हणाले, "मावशी, माझ्या घरी या वर्षी नवं नाही. थोडं द्या."

गोजरबाईंनी कोयता उलटा करून त्यांच्या हातात दिला.

पप्पा डावखुरे. डाव्या हातात कोयता, उजव्या मुठीत भाताची चूड धरली आणि खालून तिरपा एक हिसका. चर्र. पुन्हा चर्र. अठ्ठेचाळीस वर्षांत त्यांनी मशीनचे खटके दाबले, रेशनच्या रांगा लावल्या, बायकोला खांदा दिला, पण कोयता धरला नव्हता. हाताला मात्र सगळं ठाऊक होतं. पाचवी मूठ कापेपर्यंत त्यांना थांबायचं भान राहिलं नाही.

"बास, बास," गोजरबाई ओरडल्या. "सगला वाफा न्हेता काय? मोऱ्या, बघ रं. याला म्हनतात कापनारा हात. तू कापतो तसा उंदीर कुरतडतो." मग पप्पांकडे वळून म्हणाल्या, "आमची बाकीची कापनी दसऱ्याला निघंल. मानसं भेटत नायत. येशाल?"

पप्पा कोयत्याचं पातं अंगठ्यानं पुसत राहिले.

पहिल्या पाच लोंब्या कुंकू लावून गावदेवीला गेल्या. उरलेल्या सुपात आल्या आणि त्यावर विनितानं मम्माच्या हातचं भरतकामाचं फडकं पांघरलं. आता सूप चर्चमध्ये पोचेपर्यंत भुईवर टेकवायचं नाही, असं आजीनं बजावलं. मंगळूरलाही तसंच होतं म्हणे. मग डेनिस सलढाणा मोरेशच्या मोटरसायकलवर मागे बसले, मांडीवर सूप, दोन्ही हात सुपाला आणि पायांना अजून चिखल. मागून स्कूटरवर त्यांचे बूट घेऊन विनिता. कुळगाव सोडून अंबरनाथला येईपर्यंत तिला एवढंच ऐकू येत होतं—

"हळू! खड्डा आहे!"

"दिसतोय, काका!"

"दिसतोय तर त्यात का घालतोस?"

*

चर्चच्या अंगणात मांडव होता. फादरनी लोंब्यांवर पवित्र पाणी शिंपडलं, धूप दिला, मुलांनी गाणं म्हणत सूप आत नेलं. मिस्साची प्रार्थना संपल्यावर पप्पा दाराशी उभे राहून लोंब्या वाटायला लागले. घरात जेवढी माणसं तेवढ्या लोंब्या, अशी रीत. मंगळूरकरांनी घेतल्या, गोंयकारांनी घेतल्या, वांगणीकडच्या पाड्यांवरून आलेल्या कुटुंबांनी घेतल्या. वसईच्या एक बाई म्हणाल्या, "आमचा सुगीचा सण ऑक्टोबरात, पण द्या, दोनदा आशीर्वाद घेतला तर काय बिघडतं!"

मोरेश फाटकाजवळ हेल्मेट घेऊन उभा होता. पप्पा चालत त्याच्यापर्यंत गेले.

"घरात किती माणसं?"

"चार. पण काका, आमचंच भात आम्हाला?"

"तुमचं होतं. आता सायबिणीचं आहे." त्यांनी मोजून चार लोंब्या त्याच्या हातात दिल्या. "जेवायला चल. शिफ्ट किती वाजता?"

"अडीच."

"मग वेळ आहे."

पप्पांनी स्वतः दाणे सोलले, खलबत्त्यात कुटले आणि नारळाच्या दुधात, गुळात ढवळले. तिघांनी एकेक पेला घेतला. पप्पांनी आधी ज्युलियानाच्या फोटोकडे पाहिलं, मग घोट घेतला. मग जेवण. केळीच्या पानावर सात भाज्या, अळूची देठी, आंबाडे, काकडी, भेंडी. मोरेशनं पानावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"मासे शोधतोयस?" विनितानं विचारलं.

"नाय... मंगळूरचे लोक म्हणून जरा..."

"वर्षातून एक दिवस आमच्याकडे मासे नसतात. तू नेमका आज आलास."

"नशीबच फिटरचं," तो म्हणाला आणि तीनदा भाजी मागून घेतली.

हात धुवून पप्पा फोनकडे गेले. भावाशी कोंकणीत बोलले, मोठ्यानं, जुन्या माणसांना लांबच्या माणसाशी बोलताना सवय असते तसं. मोरेशला शब्द कळत नव्हते. विनिता मात्र पान उचलता उचलता जागच्या जागी थांबली.

"नाही, यंदा नाही जमायचं," पप्पा सांगत होते. "दसऱ्याला कापणी आहे... माझी कुठली? शेजारच्यांची. त्यांना माणसं मिळत नाहीत... अरे, येतं मला अजून! विचार कुणालाही." मग त्यांनी दुसरा नंबर लावला आणि मराठीत म्हणाले, "उद्या येऊ नका हो. विकायचा नाही... नाही, भाव वाढवण्यासाठी नाही. राहायचंय आम्हाला इथे."

ते बेडरूममध्ये जाऊन आडवे झाले आणि दोन मिनिटांत घोरायला लागले.

*

विनिता मोरेशला पोचवायला खाली आली. बिल्डिंगच्या आवारात नुकतीच सर येऊन गेली होती. मोटरसायकलची सीट ओली होती, त्यानं ती बाहीनं पुसली. मग आधीच पुसलेली सीट पुन्हा पुसली.

"काका काय म्हणाले फोनवर?"

"राहणार म्हणाले. आम्ही इथेच राहणार."

मोरेशनं मोठा श्वास सोडला. तो इतका मोठा होता की त्याचं त्यालाच हसू आलं. "बरं झालं. आजीला कापणीला माणूस पाहिजेच होता."

"फक्त आजीला?"

"नाय, म्हणजे..." तो सीटकडे बघत म्हणाला. "आजी परवा मला म्हणाली, पोर खोटं बोलत नाय. मी म्हटलं, मला काय त्याचं. ती म्हणाली, तुला काय नाय तर रोज डोंगर कशाला चढतो?"

"मग तू काय म्हणालास?"

"मी कुठे काय म्हणालो? मी पळालो."

विनितानं रस्त्याकडे पाहिलं. समोर इस्त्रीवाला कोळसे फुंकत होता, वरच्या गॅलरीत कुणीतरी टॉवेल पिळत होतं. पुढे काय काय होणार होतं ते तिला दिसत होतं. आंट्या बोलतील. फादर बोलावून घेतील. याच्या गावात चार बैठका बसतील. पप्पाही एवढ्यात 'हो' म्हणणार नाहीत, कापणीला जाऊन याची परीक्षा घेत बसतील. आणि त्या म्हातारीच्या नजरेसमोर तिला पुन्हा उभं राहावं लागेल. यातलं एकही टळणार नव्हतं. पण ते सगळं इथे होणार होतं, या गावात, तिच्या डोळ्यांसमोर. त्याची तिला भीती वाटेना.

आणि हा माणूस तर सीटच पुसत बसला होता. म्हणजे बोलायचं तिलाच होतं.

"मोरेश, मला तू आवडतोस. पप्पांना सांगून झालंय, आता तुला सांगते. आता जा, शिफ्ट चुकेल."

मोरेशचा हात सीटवर थांबला.

"तू... काकांना आधी सांगितलंस?"

"तू रोज नुसता फुलं देऊन पळायचास. कधी सांगणार?"

"मी आज सांगणार होतो. खरंच. जेवताना सुरुवात पण करणार होतो, पण काका भाजी वाढायचे थांबेनात—"

"सांग मग."

त्यानं हेल्मेट काढलं. परत घातलं. कान लाल झाले होते, ते हेल्मेटमध्ये गेले तेवढं त्याला बरं वाटलं असावं.

"तेच," तो म्हणाला. "तू म्हणालीस तेच. मला पण. जास्तच, थोडं."

"थोडं जास्त की जास्तच?"

"विनिता, अडीचची शिफ्ट आहे!"

तो गाडीवर बसला. जोरात किक मारली. दुसरी मारली. तिसरी, चौथी. गाडी हूं की चूं करेना. इस्त्रीवाला कोळसे फुंकायचं सोडून बघायला लागला. मोरेशनं वाकून पेट्रोलचा कॉक पाहिला, प्लग पाहिला, दहा वर्षं मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसानं पुन्हा किक मारली.

विनिता पायरीवर बसून हसत होती. ओढणीत तोंड लपवूनही हसू आवरेना.

"काय झालं?" तो घामाघूम होऊन म्हणाला.

"किल्ली," ती कशीबशी म्हणाली. "किल्ली लाव आधी."